भोसल्यांचे घराणे आणि नागपूरची रयत

(लकडगंज, नागपूर येथे कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नागपूरकर भोसल्यांच्या उत्कर्षाची आणि ऱ्हासाची कथा विदर्भात अजूनही आवडीने सांगितली जाते. या कथेचे बहुधा दोन शेवट असतात. एका शेवटात भाऊबंदकी, फितुरी आणि कर्तबगार पूर्वजांच्या पोटी आलेले दुबळे वारस घराण्याचा घात करतात. दुसऱ्यात कपटी इंग्रज दत्तक नाकारून राज्य गिळंकृत करतो. दोन्ही कथनांत तथ्य आहे. परंतु दोन्हींत एक गोष्ट सारखीच गैरहजर असते. ती म्हणजे रयत. राज्य कोणाच्या श्रमावर उभे राहिले, ते बुडाले तेव्हा खेड्यातील कुणब्याने काय केले, आणि राजा गेल्यावर जमीन कोणाच्या नावावर चढली, हे प्रश्न या कथांमध्ये विचारले जात नाहीत.

नागपूर शहराचा नकाशा समोर ठेवला तरी हा प्रश्न उभा राहतो. महालात भोसल्यांचा वाडा, सीताबर्डीला त्यांच्या पराभवाची टेकडी, आणि इकडे लाकडाच्या वखारींवरून ओळखले जाणारे लकडगंज. वाड्याचा आणि टेकडीचा इतिहास लिहिला गेला. ज्या जंगलांतून हे लाकूड शहरात आले आणि ज्या शेतांतून वाड्याच्या कोठारात धान्य आले, त्यांचा इतिहास मात्र महसुलाच्या दप्तरांत पडून राहिला. घराण्याचा उदयास्त समजून घेण्यास वंशावळ पुरत नाही. त्यासाठी घराण्याचा जमाखर्च पाहावा लागतो.

शेतकऱ्यांतून उठलेले सरदार

भोसल्यांची ही शाखा मूळची सातारा प्रांतातील. देऊर हे गाव त्यांच्याशी निगडित आहे. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा त्यांना प्रथम येऊन मिळालेल्या सरदारांत परसोजी भोसले होते. सेनासाहेबसुभा हा किताब आणि वऱ्हाडाकडील वसुलीचे हक्क या घराण्याला त्यातून मिळाले. पुढे रघूजी भोसल्यांनी या हक्कांचे राज्यात रूपांतर केले.

नागपूर त्यांनी वसविलेले नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने १७०२च्या सुमारास काही वाड्या एकत्र करून या नगराचा पाया घातला, आणि त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी येथे आणली. जुम्मा तलाव त्याच्याच काळातला. १७३९च्या सुमारास चांद सुलतान वारला आणि गादीसाठी कलह सुरू झाला. विधवा राणी रतनकुंवर हिने आपल्या मुलांच्या हक्कासाठी रघूजींना मदतीस बोलावले. रघूजी आले, त्यांनी मुलांना गादीवर बसविले, मोबदला घेतला आणि परत गेले. मुलांमध्ये पुन्हा भांडण झाले तेव्हा ते पुन्हा आले. १७४३ साली सत्ता त्यांच्या हाती आली. गोंड राजा बुऱ्हाणशहा याला मानमरातब, किल्ल्यातील वास्तव्य आणि नेमणूक मिळाली. राज्यकारभार नावापुरता त्याचा आणि प्रत्यक्षात भोसल्यांचा, अशी ही व्यवस्था होती. राजाला नावापुरते ठेवून राज्य आपल्याकडे घेण्याची ही रीत लक्षात ठेवावी. पाऊणशे वर्षांनी तीच रीत भोसल्यांवर उलटणार होती.

अशी घराणी त्या शतकात एकट्या महाराष्ट्रातच उदयास आली असे नाही. मोगल सत्ता खिळखिळी झाली तेव्हा पंजाबात शीख मिसलींचे सरदार असेच पुढे आले. त्यांत जाट शेतकरी होते, जस्सासिंग रामगढिया सुतार समाजातले होते, जस्सासिंग अहलुवालिया कलाल समाजातले. घोडा, भाला आणि सोबत येणारे चार भाऊबंद एवढ्या भांडवलावर त्यांनी मुलूख मिळविले. ज्या वर्गावर मोगल महसुलाचा बोजा होता त्याच वर्गातून हे नवे सत्ताधारी उठले, म्हणून त्यांच्या उदयाला एक लोकाभिमुख बाजू होती. नागपूरच्या भोसल्यांबाबतही हेच दिसते. पहिल्या भोसल्यांचे आपल्या अंमलदारांशी नातेसंबंध होते, राहणी साध्या शिपायाची होती, आणि शेतकरी वर्गाविषयी त्यांना आपलेपणा होता. इंग्रजी गॅझेटियरकारांनीही हे मान्य केले आहे. १७९२पर्यंत या मुलुखात लढाया क्वचितच झाल्या, लागवड वाढत गेली, महसूलही वाढला. कुणबी कुटुंबे येऊन वसली, पडीत जमिनी नांगराखाली आल्या.

चौथाईचे अर्थकारण

मात्र या सुस्थितीचा दुसरा खर्च होता, आणि तो इतरांनी सोसला. एवढे सैन्य पोसण्याइतके उत्पन्न वर्धा-वैनगंगेच्या खोऱ्यातून निघत नव्हते. म्हणून चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या निमित्ताने परमुलखावर स्वाऱ्या करणे हा राज्याच्या अर्थव्यवस्थेचाच भाग बनला. १७४१ साली भास्करराम कोल्हटकर छत्तीसगडातील रतनपुरात शिरले. तेथून बंगालच्या स्वाऱ्यांचे दशक सुरू झाले. १७४४ साली अलिवर्दीखानाने भेटीस बोलावून भास्कररामांचा घात केला. तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१च्या तहाने ओरिसा भोसल्यांकडे आला आणि बंगालच्या चौथाईदाखल वर्षाला बारा लाख रुपये ठरले.

मराठी इतिहासात हे वैभवाचे पर्व म्हणून शिकविले जाते. बंगालच्या शेतकऱ्याने ते निराळ्या नजरेने पाहिले. ‘बारगीर’ या आपल्या शब्दाचे बंगालीत ‘बर्गी’ झाले, आणि तो शब्द तेथे मुलांना भीती घालण्यासाठी अंगाईगीतात जाऊन बसला. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात ‘महाराष्ट्र पुराण’ या नावाचे काव्य रचून या स्वाऱ्यांत गावेच्या गावे कशी उजाड झाली याचे वर्णन केले. नागपूरचा कुणबी काही काळ हलक्या महसुलात जगला, कारण बर्दवानचा शेतकरी लुटला जात होता. राष्ट्रीय अभिमानापोटी ही वस्तुस्थिती झाकण्याचे कारण नाही. श्रमिकांच्या दृष्टीने इतिहास पाहावयाचा तर तो वर्धा नदीच्या अलीकडे एका मापाने आणि पलीकडे दुसऱ्या मापाने मोजता येत नाही.

या अर्थकारणात एक मूलभूत दोष होता. परमुलखातून येणाऱ्या पैशावर लष्कर उभे होते, आणि लष्कराच्या बळावर तो पैसा येत होता. यांपैकी एक दुवा तुटला की सारा भार आपल्याच रयतेवर येऊन पडणार, हे ठरलेले होते.

रयतेवर आलेला भार

तो दुवा १८०३ साली तुटला. त्या वर्षी २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव आणि १५ डिसेंबरला गाविलगड, अशा तीन पराभवांनंतर दुसऱ्या रघूजींनी देवगावचा तह केला. कटक प्रांत कंपनीकडे गेला. वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड निजामाला मिळाले. राज्याच्या मुलखाचा सुमारे तिसरा हिस्सा एका सहीने नाहीसा झाला.

उत्पन्न घटले, पण दरबाराचा इतमाम आणि लष्कराचा खर्च त्या प्रमाणात घटविला गेला नाही. तूट भरून काढण्यासाठी खेड्यांवर बेसुमार सारा बसविण्यात आला, नवनवे कर निघाले. सैन्याचे पगार थकले आणि थकलेले सैन्य शेतकऱ्यालाच लुटून आपला पगार वसूल करू लागले. याच वेळी पेंढाऱ्यांचे हल्ले सुरू झाले. १८११ साली त्यांनी थेट नागपुरापर्यंत येऊन शहराच्या उपनगरांना आगी लावल्या. विदर्भातील कित्येक खेड्यांत मातीच्या गढ्यांचे अवशेष दिसतात. त्यांतील अनेक गढ्या या काळातल्या आहेत. पेंढारी येत आहेत अशी हूल उठली की गाव गुरेढोरे घेऊन गढीत शिरे. राज्य आपले रक्षण करील हा भरवसा संपल्याची ती खूण आहे. राजाला लोकांनी ‘बडा बनिया’ असे टोपणनाव दिले होते. ज्या घराण्याच्या पहिल्या पुरुषांना शेतकरी आपले मानीत होता, त्याच घराण्याच्या राजाला तो आता सावकाराच्या रांगेत बसवू लागला.

घराण्याचा खरा ऱ्हास येथे झाला. इतिहासाच्या पुस्तकांत तो पुढे १८१७ किंवा १८५३ साली दाखवितात. त्या तारखा ऱ्हासाच्या नसून त्याच्या नोंदणीच्या आहेत.

कोण उभे राहिले?

मार्च १८१६मध्ये दुसरे रघूजी वारले. मुलगा परसोजी दुर्बल होता. चुलतभाऊ मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब कारभारी झाले, आणि आपले आसन बळकट करण्यासाठी त्याच वर्षी त्यांनी कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. १८१७च्या आरंभी परसोजींचा गळा दाबून खून झाला. गादीवर आल्यावर आप्पासाहेबांना तैनाती फौजेचा अर्थ उमगला, पण तोवर उशीर झाला होता. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीला लढाई झाली. भोसल्यांचे सैन्य संख्येने कितीतरी मोठे होते, तरी टेकडी हाती आली नाही. डिसेंबरात शहरही गेले. शहरात शेवटपर्यंत लढले ते भाडोत्री अरब शिपाई.

पुढील वर्षी कैदेतून निसटलेल्या आप्पासाहेबांना आसरा कोणी दिला, हे पाहण्यासारखे आहे. महादेवाच्या डोंगरातील गोंडांनी त्यांना थारा दिला आणि त्यांच्यासाठी कंपनीच्या फौजेशी झुंज घेतली. ज्या गोंडांचे राज्य भोसल्यांनी घेतले होते, तेच पडत्या काळात उपयोगी पडले. पठारावरील कुणबी खेडी मात्र हलली नाहीत. त्या खेड्यांच्या अंगी स्वाभिमान नव्हता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ज्या राजवटीने पंधरा वर्षे आपल्याला नागविले, तिच्यासाठी प्राण द्यावेत असे त्यांना वाटले नाही, इतकाच याचा अर्थ आहे.

आप्पासाहेब तेथून अशीरगडमार्गे उत्तरेकडे गेले आणि काही काळ रणजितसिंगांच्या पंजाबात राहिले. अखेर जोधपूरच्या आश्रयाला असताना १८४० साली त्यांचा अंत झाला. नागपूरच्या पदच्युत राजाला जेथे आसरा मिळाला, त्या लाहोरच्या राज्याचेही पुढील दशकात तेच झाले. सोब्राँवच्या लढाईत १८४६ साली शामसिंग अटारीवाले धारातीर्थी पडले. १८४८ साली अटारीच्याच छत्तरसिंग आणि शेरसिंग यांनी बंड केले. २९ मार्च १८४९ रोजी पंजाब खालसा झाला आणि बंडात सामील झालेल्यांच्या जहागिरी जप्त झाल्या. उरलेल्या कित्येक सरदारांच्या जहागिरी छाटल्या गेल्या किंवा त्यांचे रूपांतर हयातभराच्या नेमणुकांत झाले. मजिठियांसारखी जी घराणी टिकली ती इंग्रजी व्यवस्थेशी जुळवून घेऊन टिकली. दयालसिंग मजिठिया यांचा अपवाद मुद्दाम नोंदविला पाहिजे. त्यांनी १८८१ साली ‘ट्रिब्यून’ हे वृत्तपत्र काढले, आणि १८९८ साली मृत्यू आला तेव्हा त्यांच्या मृत्युपत्राने इस्टेटीचा मोठा भाग वृत्तपत्र, महाविद्यालय आणि ग्रंथालय यांच्या विश्वस्तांकडे गेला. जहागीर वंशजांपेक्षा समाजाच्या हाती अधिक टिकते, हे त्यावरून दिसले.

लिलाव

नागपुरात १८१८ साली रघूजी तिसरे या अल्पवयीन मुलाला गादीवर बसविण्यात आले आणि कारभार रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स पाहू लागला. बुऱ्हाणशहाच्या नावाने भोसल्यांनी राज्य केले होते, तसेच आता भोसल्यांच्या नावाने कंपनीने सुरू केले. पुढे राजाला अधिकार परत मिळाले, पण लष्करी सत्ता गेली ती गेलीच.

११ डिसेंबर १८५३ रोजी रघूजी वारले. औरस पुत्र नव्हता. रेसिडेंट मॅन्सेल याने दत्तकास अनुकूल मत दिले, गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात जॉन लो याने राज्य खालसा करण्यास विरोध केला. डलहौसीने दोघांचेही ऐकले नाही. त्याच्या टिपणात दत्तकाच्या शास्त्रार्थाबरोबर इंग्लंडच्या व्यापाराचे हितही स्पष्टपणे मांडलेले आहे. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. मे १८५३मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार कंपनीने घेतलाच होता. नागपूर मिळाले की कापसाचा सलग पट्टा हाती येत होता. १८५४ साली राज्य खालसा झाले.

त्यानंतर वाड्याची झडती झाली. हत्ती, घोडे, बैल लिलावात काढले, आणि जवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला गेले. वृद्ध बांकाबाईंनी वाड्याला आग लावून देण्याची धमकी दिल्याचे इतिहासकार सांगतात. दरबारच्या प्रतिष्ठेला ही जखम फार खोल गेली, आणि आजही नागपूरकर ती विसरलेले नाहीत. तरीही १८५७ साली नागपुरात व्यापक उठाव झाला नाही. टाकळीच्या घोडदळातील कट आरंभीच मोडला गेला. बांकाबाईंनी इंग्रजांची बाजू घेतली. राजनिष्ठेचे फळ म्हणून १८६१ साली दत्तक वारस जानोजी यांना ‘राजेबहादूर ऑफ देऊर’ हा किताब आणि नेमणूक मिळाली. ज्या देऊरहून घराणे दीडशे वर्षांपूर्वी निघाले होते, त्याच गावाच्या नावापुरते ते उरले. १८६४ साली काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाने नटलेला त्यांचा वाडा जळाला आणि नगारखाना तेवढा शिल्लक राहिला.

एक राजा गेला, हजारो मालगुजार आले

येथे बहुतेक कथा संपतात. रयतेच्या दृष्टीने पाहिले तर महत्त्वाचे प्रकरण येथून सुरू होते.

भोसल्यांच्या काळात गावचा पाटील सरकारसाठी सारा गोळा करी. त्याला मोबदला मिळे, मानही मिळे. पण गाव त्याच्या मालकीचे नव्हते. त्याला ते विकता येत नसे, आणि सरकारला तो नको असल्यास बदलता येत असे. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि त्या दशकातील जमाबंदीत ब्रिटिशांनी या पाटलांना, इजारदारांना व ज्यांनी त्या वेळी गाव ताब्यात ठेवले होते अशा इतरांना गावाचे मालक ठरविले. त्यांचे नाव मालगुजार. राज्याला निष्ठावान असा एक वर्ग निर्माण व्हावा आणि त्याने जमिनीत भांडवल घालावे, असा हेतू सांगितला गेला. ज्यांच्या पूर्वजांनी जंगल तोडून शेत केले ते कसणारे आपल्याच शेतात कुळे झाले. काहींना मलिक-मकबुजा म्हणून आपल्या तुकड्याची मालकी मिळाली, काही मौरूसी ठरले, उरलेल्यांना संरक्षण नव्हते. शेतमजुराचा तर त्या कागदात उल्लेखही नव्हता.

मालकी आली म्हणजे गाव गहाण ठेवता येऊ लागले आणि विकताही येऊ लागले. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या वर्षांत कापसाचा भाव चढला. १८६७ साली रेल्वे नागपुरास पोहोचली. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. जमिनीला किंमत आली, तशी सावकाराची नजर तिच्याकडे वळली. कित्येक गावे जुन्या पाटलांकडून सावकार, वकील आणि अंमलदार यांच्या हाती गेली. रयतेचे संरक्षण करणारे कुळकायदे १८८३ आणि १८९८ साली करावे लागले, यावरूनच पहिल्या दानपत्राने काय केले हे कळते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत खंड, व्याज आणि वेठ या तिहेरी ओझ्याखाली लहान शेतकरी मोडला.

एका घराण्याच्या ऱ्हासावर अश्रू ढाळताना ही गोष्ट विसरली जाते. भोसले गेल्याने सरंजामी व्यवस्था गेली नाही. ती एका वाड्यातून निघून गावोगावच्या वाड्यांत वाटली गेली, आणि या वेळी तिच्या हाती न्यायालयात चालणारा मालकीचा कागद होता.

कायद्याने काय घेतले, काय ठेवले

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश विधिमंडळाने मालकी हक्क नष्ट करणारा १९५०चा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी व जमीनदारी सरकारजमा झाली. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या अहेरीच्या जमीनदारांनी त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १९५२ साली न्यायालयाने कायदा वैध ठरविला. समाजवाद्यांनी या कायद्याचे मोल कमी लेखू नये. रयत आणि सरकार यांच्यामधला दलाल त्याने काढून टाकला. नव्वद वर्षांपूर्वी कागदाने दिलेली मालकी कागदानेच गेली.

परंतु कायद्याने काय ठेवले तेही पाहिले पाहिजे. मालगुजारांना निव्वळ उत्पन्नाच्या पटीत भरपाई मिळाली. सीर आणि खुदकास्त या सदराखालील जमिनी त्यांच्याकडे राहिल्या, आणि त्या बहुधा गावातील उत्तम जमिनी होत्या. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. १९६१चा कमाल जमीनधारणा कायदा झाला, १९७५ साली कोरडवाहू जमिनीची मर्यादा कुटुंबास ५४ एकरांवर आणण्यात आली. कायदा येण्याच्या चाहुलीनेच नातलगांच्या नावे वाटण्या झाल्या. मजुराच्या वाट्याला आली ती बहुतेक हलकी आणि माळाची जमीन.

पाण्याचे आणि जंगलाचे उदाहरण याहून बोलके आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या उत्तेजनाने आणि कोहळी समाजाच्या जाणकारीने त्यांतील पुष्कळसे बांधले गेले. त्यांना आज ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. ज्यांनी ते खोदले त्यांचे नाव तलावाला लागले नाही. मधली नव्वद वर्षे ज्यांच्या कागदावर ते होते त्यांचे लागले, आणि तेही ‘माजी’ म्हणून. १९५१नंतर तलाव सरकारचे झाले. पाणीपट्टीवरून वाद झाले, गाळ काढण्याची गावाची जुनी रीत मोडली आणि देखभाल कोणाचीच राहिली नाही. धिवर समाजाला मासेमारीसाठी सहकारी संस्था काढून हक्क मागावा लागला. जंगलही मालगुजार-जमीनदारांकडून वनखात्याकडे गेले. गावाचा निस्तार मात्र परवान्याच्या मेहेरबानीवर आला.

मालक बदलला, कसणाऱ्याचा आणि वापरणाऱ्याचा हक्क पुन्हा बाहेर राहिला. जुनी घराणी या बदलातून सर्वस्वी नाहीशी झाली असेही नाही. अहेरीचे राजे विश्वेश्वरराव १९७७ साली चंद्रपुरातून लोकसभेवर निवडून गेले. जमिनीवरील हक्क गेला तरी माणसांवरील वजन उरते, आणि मतपेटीतून त्याला नवी मान्यता मिळू शकते. यात लोकांचा अडाणीपणा पाहू नये. ज्या भागात सरकार म्हणजे वनरक्षक आणि तलाठी एवढेच दिसते, तेथे अडीअडचणीला धावून येणारा राजा जवळचा वाटतो. लोकशाही पक्षांनी रिकामी सोडलेली ती जागा आहे.

कार्यकर्त्यांसाठी

या साऱ्या इतिहासातून एक सूत्र निघते. घराणी रयतेच्या आधाराने चढतात आणि रयतेचा आधार गमावल्यावर पडतात. परंतु त्यांच्या पडण्याने रयत आपोआप वर येत नाही. १७४३ साली गोंडांचे गेले ते भोसल्यांनी घेतले, १८५४ साली भोसल्यांचे गेले ते कंपनीने घेतले, पुढे मालगुजाराने, आणि १९५१ साली मालगुजाराचे गेले ते पुष्कळ अंशी सरकारी खात्यांनी घेतले. प्रत्येक हस्तांतराच्या वेळी रयत संघटित नव्हती, म्हणून प्रत्येक वेळी कागद दुसऱ्याच्या नावाने झाला.

याच्या उलट घडू शकते हे गडचिरोलीतील मेंढा-लेखा या लहानशा गोंड गावाने दाखविले आहे. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ साली आपल्या जंगलातील बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेने स्वतः वापरला. बख्त बुलंदाच्या काळापासून ज्यांच्या डोक्यावरून सत्ता येत-जात राहिली, त्यांच्या नावाने या वेळी कागद झाला. तो कोणा राजाच्या औदार्याने किंवा साहेबाच्या कृपेने झाला नाही. गावाने वर्षानुवर्षे अभ्यास केला, सर्वांच्या संमतीने निर्णय घेण्याची शिस्त अंगी बाणविली आणि हक्क मागितला.

भोसल्यांचा वाडा पाहावयास जावे. त्यातील कारागिरीचा आणि लिलावात झालेल्या अपमानाचाही विसर पडू देऊ नये. परंतु परतताना कार्यकर्त्याने आपल्या तालुक्यातील एक गाव निवडावे. त्या गावच्या सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे, त्यात स्त्रियांची नावे किती आहेत, जमीन प्रत्यक्षात कसते कोण, तलावातील गाळ शेवटचा कधी निघाला, सामूहिक वनहक्काचा दावा दाखल झाला आहे काय आणि तो कोणत्या टेबलावर अडकला आहे, एवढ्या पाच गोष्टी तपासाव्यात. राजे गेले आणि मालगुजारही गेले. त्यांनी मागे ठेवलेले दप्तर अजून पुरते बदललेले नाही, आणि ते बदलणे हे आपले काम आहे.